पबचं बिल, सेवाशुल्क आणि ७४१ रुपये

२ जानेवारीला माझ्या खात्यात ७४१ रुपये जमा झाले. ८ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री बाणेरमधल्या एका पबने ते आमच्या बिलात लावले होते. मधल्या पंचावन्न दिवसांत काय काय केलं, कुठे अडले, कुठे सोडून द्यावंसं वाटलं ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. मी शोधायला बसले तेव्हा नियम खूप सापडले. पण हे स्वतः करून पाहिलेल्या कुणी मराठीत सविस्तर लिहिलेलं काही हाती लागलं नाही. पबचं नाव लिहीत नाही. पैसे परत मिळाले आहेत, आणि तिथे काम करणाऱ्या मुलांबद्दल मला आपुलकी आहे.

आम्ही शाळेतल्या सहा मैत्रिणी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भेटतो. आधी कुणाच्या तरी घरी जमायचो. त्यात जिच्या घरी बसायचं तिची सगळी संध्याकाळ स्वयंपाकघरात जायची. दोन वर्षांपूर्वी हा पब सापडला आणि आम्ही तिथेच रमलो. पुण्यात २००९ साली डूलाली ही स्वतःची बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून इथल्या लोकांना ताज्या, तिथेच बनवलेल्या बिअरची चव लागली आहे, आणि आमचा पबही त्याच वळणाचा. माझी आवडती म्हणजे गव्हाची बेल्जियन विट. तिच्यात संत्र्याची साल आणि धणे घालतात हे तिथल्या एका मुलानेच मला सांगितलं. तेव्हापासून पहिल्या घोटात मी धणे शोधते आणि ते सापडतात.

जागा गच्चीवर आहे. भोवती कुंड्यांमधला बांबू, लाकडी बाकं, पिवळे दिवे. साडेसातला गेलं की गाणी फार मोठ्याने चालू असतात, एकमेकींच्या कानाशी बोलावं लागतं. उघड्यावर दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, म्हणून बरोबर दहाला आवाज बंद होतो. मग खऱ्या गप्पा सुरू होतात. आम्हाला तो दहानंतरचा तास फार प्रिय आहे.

आमच्या टेबलाला बहुतेक वेळा एकच मुलगा असतो. परभणीकडचा. सहाजणींपैकी कुणाला लसूण चालत नाही, कुणाची बिअर अर्धीच असते, हे त्याच्या लक्षात असतं. त्या रात्री मात्र तो एकटाच पाच टेबलं सांभाळत होता. आरक्षण करूनही आम्ही वीस मिनिटं दारात उभ्या होतो. चिकन टिक्का नेहमीसारखा झकास होता, भरलेले मशरूमही. पिझ्झा पन्नास मिनिटांनी आला तो गार. परत पाठवला, गरम होऊन आला तेव्हा कडा चामड्यासारख्या झाल्या होत्या. पाण्याच्या चार बाटल्या न विचारता उघडल्या गेल्या. त्या मुलाची धावपळ बघून आम्ही कुणी काही बोललो नाही.

बिल आलं ते असं. खाणं आणि पाणी ३,८६०. बिअर ३,२००. मग १० टक्के सेवाशुल्क, ७०६. त्यानंतर जीएसटी २२८ रुपये ३० पैसे आणि बिअरवर व्हॅट ३२०. एकूण ८,३१४.

हे बिल मी पहिल्यांदाच नीट वाचलं, आणि वाचलं ते केवळ पिझ्झा कमी केला आहे का हे बघायला. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला आहे, हे मला माहीत होतं. खाण्यावर ५ टक्के जीएसटी हेही माहीत होतं. ३,८६० चे ५ टक्के १९३ होतात. मग २२८ कुठून आले? आमच्यातली एक बँकेत आहे. तिने मोबाइलवर आकडे टाकले आणि म्हणाली, "अगं, सेवाशुल्कावरसुद्धा जीएसटी लावलाय." म्हणजे जे शुल्क मुळात ऐच्छिक, ते न विचारता लावलं आणि वर त्याच्यावर कर घेतला. दोन्ही मिळून ७४१ रुपये ३० पैसे.

मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, ते सिस्टीममधून आपोआपच येतं. मी मॅनेजरसाहेबांना बोलावतो." मॅनेजर आले. शांतपणे बोलले, पण उत्तर ठरलेलं होतं: "मॅडम, मेन्यूवर लिहिलेलं आहे. हा पैसा स्टाफलाच जातो." मी म्हटलं, स्टाफला आम्ही हातात देऊ, हे काढून टाका. ते म्हणाले, काढता येत नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. दोन मैत्रिणी म्हणाल्या, "जाऊ दे ना, सातशे रुपयांनी काय होतंय." माझा चेहरा तापला होता. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. चार लोकांत आवाज चढवायची मला सवय नाही. मी पैसे भरले.

दोन गोष्टी मात्र तेव्हा सुचल्या, आणि पुढे त्याच उपयोगी पडल्या. पैसे भरायच्या आधी बिलावर पेनाने लिहिलं, "सेवाशुल्क मान्य नाही, काढण्यास नकार दिल्याने भरले आहे", खाली तारीख, वेळ आणि सही, आणि त्याचा फोटो काढला. दुसरी गोष्ट, पैसे यूपीआयने माझ्या एकटीच्या खात्यातून दिले. मैत्रिणींनी मला नंतर पाठवले. तक्रार कुणी करायची हा प्रश्न त्यामुळे उरला नाही. बिलं उष्णतेच्या कागदावर छापलेली असतात, दोन महिन्यांत अक्षरं उडतात. फोटो त्याच रात्री काढा आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्सही काढून ठेवा.

रविवारी मेन्यूचा क्यूआर कोड घरूनच उघडला आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला. तळाशी अगदी बारीक अक्षरांत होतं, "१० टक्के सेवाशुल्क लागू." ऐच्छिक असल्याचा एक शब्दही नव्हता.

मग नियम वाचले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार हॉटेलने सेवाशुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचं नाही, ते ऐच्छिक असल्याचं ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, ते दिलं नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि ते बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सुरुवातीला स्थगिती मिळाली. पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि तत्त्वं कायम ठेवली. म्हणजे आमच्या बिलाच्या सात महिने आधीच हा निकाल लागला होता. हे वाचल्यावर आदल्या रात्रीची लाज गेली आणि तिच्या जागी राग आला.

१० नोव्हेंबरला, सोमवारी, पबला मेल पाठवला. अर्धं पान, बिलाचा फोटो, मागणी एवढीच: ७४१ रुपये परत करा. तीन दिवस उत्तर नाही. त्याच तीन दिवसांत त्यांनी गुगलवरच्या कौतुकाच्या प्रत्येक अभिप्रायाला तासाभरात आभाराचं उत्तर दिलेलं दिसत होतं. ते बघून मला वाईट वाटलं. आमच्यातल्या एकीने एक तारा देऊन रागाने अभिप्राय लिहिला. मी लिहिला नाही. एक तारा दिला असता तर तो टिक्क्यालाही पडला असता आणि त्या परभणीच्या मुलालाही.

१३ नोव्हेंबरला सकाळी सव्वाआठला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. नंबर १९१५, पैसे पडत नाहीत, सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. मराठीचा पर्याय आहे. पहिल्या वेळी सात मिनिटं वाट पाहून कट झाला, दुसऱ्या वेळी लागला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कंपनीचं नाव काय?" मी पबचं नाव सांगितलं. "ते दुकानाचं नाव झालं, बिलावर फर्मचं नाव बघा." बिल काढलं तर अगदी वर, पबच्या नावाच्या खाली, वेगळंच नाव होतं. हे फार महत्त्वाचं आहे. पाटीवरचं नाव आणि कायद्यातलं नाव बहुतेक वेळा वेगळं असतं. बिलावर जीएसटी क्रमांक असतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणीचं खरं नाव आणि पत्ता मिळतो. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असायला हवा, तोही टिपून ठेवा.

बाईंनी तक्रार नोंदवली आणि क्रमांक मेसेजने आला. कागदपत्रं संकेतस्थळावर चढवली. फोन करायचा नसेल तर ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपनेही तक्रार देता येते.

पुढचे वीस दिवस काहीच घडलं नाही. मी रोज सकाळी चहाबरोबर तक्रारीची स्थिती बघायचे. तीच ओळ. नवरा म्हणाला, "तू रोज बघू नकोस, आठवड्यातून एकदा बघ." त्याचं बरोबर होतं, पण मला जमलं नाही.

३ डिसेंबरला उत्तर आलं. शुल्क मेन्यूवर नमूद आहे आणि ग्राहकाने ते स्वखुशीने भरलं आहे, असं पबने कळवलं होतं. तक्रार बंद. 'स्वखुशीने' हा शब्द मी चार वेळा वाचला. माझं पेनाने लिहिलेलं वाक्य त्यांच्यासमोर होतं, तरी हा शब्द. त्या दिवशी मी खरंच सोडून देणार होते. हेल्पलाइनला पुन्हा फोन केला तेव्हा तिथल्या माणसाने नीट समजावलं: ते मध्यस्थी करतात, पैसे परत करा असा आदेश देऊ शकत नाहीत. आदेश जिल्हा ग्राहक आयोग देतो. हेल्पलाइनवरची नोंद पुढे आयोगात पुरावा म्हणून जोडता येते, एवढा तिचा उपयोग.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत, अनेक वर्षं ग्राहक पंचायतीचं काम करतात. ग्राहक पंचायत पुण्यातच उभी राहिली, १९७४ साली, बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने. काकांकडे मी दोन पानी मसुदा घेऊन गेले. त्यात सगळं होतं: वीस मिनिटं दारात उभं राहणं, गार पिझ्झा, पाण्याच्या बाटल्यांचा छापील किमतीपेक्षा जास्त दर, मॅनेजरचं वागणं, सेवाशुल्क. काकांनी लाल पेन घेतलं.

बाटल्यांवर पहिली काट. "हॉटेलात बसून पितो तेव्हा नुसती बाटली घेत नाही आपण, जागा आणि सेवाही घेतो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, हॉटेलवाल्यांना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं. हा मुद्दा घालशील तर समोरचा वकील इथूनच सुरुवात करेल." पिझ्झ्यावर दुसरी काट. "गार होता याचा पुरावा काय? फोटोत वाफ दिसत नाही म्हणून?" वाट पाहणं, वागणं, सगळं गेलं. शेवटी नऊ ओळी उरल्या.

मला त्यातला पिझ्झा सोडताना जड गेलं. माझी खरी नाराजी त्या संध्याकाळच्या विचक्यावर होती, आणि कागदावर फक्त शुल्क उरलं. पण काकांचं म्हणणं पटलं: जे बिलावर छापलेलं आहे तेवढंच मागायचं.

८ डिसेंबरला नोटीस पाठवली. वकिलाची गरज नाही, साध्या कागदावर चालते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम परत करावी, अन्यथा जिल्हा आयोगात तक्रार करेन, असं लिहिलं. दोन प्रती, एक पबच्या पत्त्यावर, एक फर्मच्या नोंदणीकृत पत्त्यावर. पोस्टात गेले तर रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे असं कळलं. पोच हवी असेल तर काउंटरवर आवर्जून सांगावं लागतं. दोन्ही मिळून शंभराच्या आत खर्च. पबची प्रत १० तारखेला पोचली. दुसरी "पत्त्यावर आढळले नाही" असा शेरा घेऊन परत आली. ते पाकीट फोडू नका, तसंच बंद ठेवा. पाठवल्याचा तोच पुरावा.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पबला गेलोच नाही. एकीच्या घरी बसलो. तिने मटार करंज्या केल्या होत्या, छान झाल्या होत्या. पण दहा वाजता सगळ्या एकदम घड्याळाकडे बघून गप्प झालो.

२५ डिसेंबरला पंधरा दिवस संपले. उत्तर नाही. आदल्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन होता. १९८६ च्या कायद्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली होती, म्हणून तो दिवस. वर्तमानपत्रात जागरूक ग्राहकाविषयी लेख आले होते. मी ते वाचले आणि रात्री ई-जागृती उघडलं. २०२५ च्या सुरुवातीपासून ग्राहक आयोगाच्या तक्रारी या संकेतस्थळावरून करता येतात.

फॉर्म भरायला मला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री अर्ध्यावर लॉगिन सुटलं आणि लिहिलेलं गेलं. मजकूर आधी बाहेर लिहून घ्या आणि मग चिकटवा. जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पबचा जिल्हा कुठला याची चिंता नाही. माझ्या बाबतीत दोन्ही पुणेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकील सक्तीचा नाही. लागणारे कागद म्हणजे बिल, पैसे भरल्याचा पुरावा, मेल, हेल्पलाइनचा क्रमांक आणि उत्तर, नोटीस, पोस्टाच्या पावत्या आणि प्रतिज्ञापत्र. शुल्काच्या परताव्याबरोबर मनस्तापाची भरपाई म्हणून ५,००० मागितले. तो आकडा लिहिताना अवघडल्यासारखं झालं. काका म्हणाले, "मागायचं तेवढं मागावं, किती द्यायचं ते आयोग ठरवील."

२९ तारखेला जेवणाच्या सुट्टीत शिवाजीनगरला कोर्टाजवळ जाऊन प्रतिज्ञापत्र नोटरी करून घेतलं. १५० रुपये. मूळ ओळखपत्र विसरले होते, म्हणून महाविद्यालयात परत जाऊन पुन्हा यावं लागलं. रिक्षाचे त्याहून जास्त झाले. एकूण खर्च, झेरॉक्स धरून, पाचशेच्या घरात.

३० डिसेंबरला दुपारी पबच्या हिशेबनिसाचा फोन आला. नोटीस आजच साहेबांनी पाहिली, रक्कम परत करतो, यूपीआय क्रमांक द्या. मी म्हटलं, ज्या खात्यातून आले त्यातच पाठवा. मग ते म्हणाले, गुगलवरचा तो एक ताऱ्याचा अभिप्राय काढायला सांगा. मी सांगितलं, तो माझा नाही, तिचं ती ठरवेल. पैसे मिळाल्याची पावती मात्र मेलवर देईन. "यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही" अशी ओळ त्यांना हवी होती. ती मी लिहिली नाही. "७४१ रुपये मिळाले" एवढंच लिहिलं. तीन दिवसांनी पैसे आले. माझा फॉर्म तोवर सादर व्हायचा होता. मी तो सादर केला नाही. भरपाईसाठी भांडायची माझी इच्छा उरली नव्हती.

१० जानेवारीला आम्ही पुन्हा गेलो. मी जायला बिचकत होते, मैत्रिणींनी ओढून नेलं. तो मुलगा दारातच भेटला. "ताई, दोन महिने आला नाहीत." टेबल लगेच मिळालं, त्या दिवशी मदतीला आणखी दोघं होते. पिझ्झा मागवला, बारा मिनिटांत आला, कडा कुरकुरीत. दहाला गाणी थांबली आणि बांबूच्या पानांचा आवाज यायला लागला.

बिल आलं. सेवाशुल्क, १० टक्के.

मी मॅनेजरांना बोलावलं आणि काढायला सांगितलं. एक शब्द न बोलता दोन मिनिटांत नवं बिल आलं, जीएसटीही फक्त खाण्यावर. पहिलं बिल मी परत दिलं नाही, दोन्हींचे फोटो काढले. सहाजणींनी मिळून सातशे रुपये त्या मुलाच्या हातात दिले. मी त्याला विचारलं, बिलातल्या शुल्कातलं तुम्हाला किती मिळतं? तो जरा थांबला. "महिन्याच्या शेवटी काहीतरी येतं ताई. हिशेब आम्हाला दाखवत नाहीत." मग म्हणाला, यातले निम्मे किचनला देतो.

१२ जानेवारीला ती दोन्ही बिलं, मेन्यूच्या शेवटच्या पानाचा नवा स्क्रीनशॉट आणि आधीचा सगळा पत्रव्यवहार मी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मेलने पाठवला. माझे पैसे मिळाले आहेत, पण शुल्क अजून प्रत्येकाच्या बिलात आपोआप छापलं जातं, असं वर लिहिलं. जिल्हाधिकाऱ्यांकडेही अशी तक्रार देता येते. तो अर्ज या आठवड्यात देणार आहे. ई-जागृतीवरचा मसुदा मी पुसलेला नाही. त्याची मुदत नोव्हेंबर २०२७ पर्यंत आहे.